मिशीला लागलेला कापूस

सहावीचा वर्ग माझ्याकडे आला तेव्हा पाचवीच्या सरांनी मला एका मुलीबद्दल आधीच सांगून ठेवलं.

"हुशार आहे मॅडम, पण खोटं लय बोलते. सांभाळून राहा."

कसलं खोटं, असं मी विचारलं. तर म्हणाले, एकदा शाळेत उशिरा आली. का उशीर झाला म्हणून विचारलं, तर सांगते, वाटेत एक हरणी उभी होती, तिचं पिल्लू हरवलं होतं, ती रडून राहिली होती, मग तिच्याजवळ कोणीतरी थांबायला पाहिजे म्हणून मी थांबली. "आता तुमीच सांगा मॅडम, हरणी हिच्याजवळ रडायले आली होती काय?"

मला हसू आलं. सर मात्र हसत नव्हते.

आमची शाळा सौंसर तालुक्यातली, बोरगावच्या बाजूला एका फाट्यावर. गाव फाट्यापासून आत आहे, मधे संत्र्याचे बगिचे आणि कापसाची शेतं. मी सौंसरला राहते, रोज बसने येते-जाते. शाळा हिंदी माध्यमाची. मुलं घरी आपली मराठी बोलतात, करून राहिलो, जाऊन राहिलो अशी, आणि वर्गात पाय ठेवला की त्यांना हिंदीत बोलावं लागतं. त्यामुळे अर्धी मुलं बोलतच नाहीत. नुसती उभी राहतात आणि पायाच्या अंगठ्याने फरशी उकरतात. पूर्वी मला वाटायचं, यांच्या डोक्यात काही येत नसेल. बऱ्याच वर्षांनी कळलं की येतं, पण जिभेपर्यंत पोचायच्या आत त्याचं भाषांतर करावं लागतं, आणि तेवढ्यात ते विझून जातं.

माझं माहेर पांढुर्ण्याचं. आमचं घर नदीपासून फार लांब नव्हतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीला, नदीच्या दोन काठांवरची गावं पाण्यातल्या झाडासाठी एकमेकांवर दगडफेक करतात तेव्हा, बाबा आम्हा पोरींना घराबाहेर पडू देत नसत. खिडक्याही लावून घ्यायचे. मोठी माणसं बाहेर, आणि आम्ही चुलत-मावस बहिणी आतल्या खोलीत. बाहेरून आरडाओरडा यायचा, ढोल यायचा, मधेच एकदम सगळं गप्प व्हायचं. त्या आवाजांवरून मी बहिणींना सांगत बसायची. आता सावरगाववाले झाडापर्यंत आले, आता आपल्याकडचा एक जण पाण्यात पडला, आता त्याची चप्पल वाहून चालली, तो चपलेमागे धावतोय. मी यातलं काहीच पाहिलं नव्हतं. धाकटी बहीण चपलेसाठी रडायला लागायची. मला कोणी कधी खोटारडी म्हटलं नाही, कारण खोलीबाहेरच्या कोणाला ते ऐकूच गेलं नाही. म्हणून असेल, पण हरणीची गोष्ट ऐकली आणि ती मुलगी मला न पाहताच ओळखीची वाटली.

पाहिली तेव्हा ती तशी साधीच निघाली. सावळी, बारीक, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या. गावात विहाराच्या मागच्या गल्लीत घर. बाप बोरगावच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा, आई हंगामाप्रमाणे कापूस वेचायला, नाहीतर संत्री तोडायला. वर्गात ती खिडकीजवळ बसायची आणि हिंदीच्या तासाला बाकीच्यांसारखीच गप्प असायची.

शनिवारी शेवटच्या तासांना आमच्याकडे बालसभा असते. कोणी कविता म्हणतं, कोणी गाणं, कोणी पाठ केलेलं भाषण. वर्षानुवर्षं तीच कविता, तेच भाषण. त्या वर्षी मी मुलांना म्हटलं, हिंदीतच बोललं पाहिजे असं नाही, घरी बोलता तसं बोला. आणि पुस्तकातलं काही नको. तुम्हीच तयार करा.

पहिल्या शनिवारी कोणी उठलंच नाही. दुसऱ्या शनिवारी एका मुलाने त्यांच्या बकरीबद्दल सांगितलं, तेही अर्ध्यात सोडून खाली बसला. मग ही उठली. तिने भिंतीतल्या पालीची गोष्ट सांगितली. शाळेच्या भिंतीतली पाल, तिला फळ्यावरचं सगळं वाचता येतं, पण हिंदी येत नाही म्हणून ती दर वर्षी नापास होते आणि याच वर्गात राहते. वर्ग एवढा हसला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. मी पण हसले.

त्यानंतर दर शनिवारी मुलं तिची वाट पाहायची. तिचं बघून इतर मुलंही उठायला लागली. ज्याने बकरीची गोष्ट अर्ध्यात सोडली होती त्याने ती पुरी केली. मी त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची. असं सांगा की ऐकणाऱ्याला समोर दिसलं पाहिजे. रंग कसा, वास कसा, ऊन होतं की सावली. तुमच्याच डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगा.

मी हे शिकवलं. आजही मला ते चूक वाटत नाही. पण पुढे जे झालं ते याच वाक्यातून झालं, हेही खरं आहे.

दिवाळी होऊन गेली होती. बगिच्यांत संत्र्याची तोड सुरू झाली होती. शाळेच्या वाटेवर ट्रक उभे असायचे, कॅरेट रचलेले असायचे, हवेत सालीचा वास. त्या शनिवारी ती उठली आणि पुढे येऊन उभी राहिली. हात मागे बांधलेले.

"मी मायचा डबा घेऊन बगिच्यात चालली होती," तिने सुरू केलं. "दुपार होती. काट्यायच्या कुपाटीजवळ पोचली तं वास आला. भिजलेल्या गोधडीवानी. मले वाटलं कोणाचं कुत्रं मेलं. मंग पाह्यलं तं संत्र्याच्या झाडाखाली ऊन पडलं होतं, ठिपके ठिपके. मी पाहूनच राहिली. वारा नव्हता, तरी ते ठिपके हालले."

ती थांबली. वर्गात कोणी हलत नव्हतं.

"ते ऊन नव्हतं. बिबट होता. ऊन अन् तो सारखाच दिसे. त्यानं माह्याकडे पाह्यलं. त्याच्या मिशीले कापूस लागला होता. इकडून थोडा, इकडून थोडा. तो जीभ काढून कापूस चाटे, पण निघेच ना. मंग त्यानं एक शिंक देल्ली. माह्या हातून डबा पडला. भाकर मातीत गेली. तो भाकरीकडे पाहे अन् माह्याकडे पाहे. मंग लाजल्यावानी झाला अन् मुरका मारून गेला."

"मंग?" कोणीतरी विचारलं.

"मंग मायले उपास घडला," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

शाळा सुटल्यावर मी तिला थांबवून विचारलं, कापूस कसा गं सुचला तुला?

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी वेडं विचारलं. "जंगलातून बगिच्यात आला न मॅडम तो. मधात तं सारी पराटीच आहे. कापूस फुटला आहे आता. लागंलच न."

त्या संध्याकाळी बसमध्ये मी स्वतःशीच हसत होते. घरी माझा मुलगा शाळेचा प्रकल्प करत बसला होता, म्हणजे दुकानातून आणलेला तयार ज्वालामुखी पुठ्ठ्यावर चिकटवत होता. मी त्याला बिबट्याची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मग त्याला पकडला का?" मी म्हटलं, अरे, गोष्ट आहे ती. तो म्हणाला, "हो का," आणि पुन्हा चिकटवायला लागला.

सोमवारी शाळेत पोचले तर निम्मा वर्ग रिकामा. आलेल्या मुलांना सोडायला बाप आले होते, काहींच्या हातात काठ्या. मोठ्या सरांच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या, खोलीत चार-पाच लोक उभे. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, बगिच्यात बिबट्या शिरला आहे. दिवसाढवळ्या दिसला. एका पोरीने अगदी जवळून पाहिला.

मी खांद्यावरची पिशवीही न काढता आलेल्या मुलांना विचारायला गेले.

झालं होतं असं. वर्गातल्या एका मुलाने घरी जाऊन आजीला सांगितलं की अमुक मुलीने बिबट पाहिला. आजीने शेजारणीला सांगितलं. रविवारपर्यंत ते सगळ्या गावात झालं. आमच्याकडे बिबट्या येणं काही अशक्य नाही, आजूबाजूच्या गावांत येतात, बकऱ्या नेतात. त्यामुळे कोणी विचारायलाही गेलं नाही. सोमवारी संत्री तोडणाऱ्या बायका बगिच्यात गेल्याच नाहीत. पिकलेली संत्री झाडावर, ट्रक रस्त्यावर उभा.

मी मोठ्या सरांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. बालसभेतली गोष्ट आहे, तिने तयार केलेली, मी स्वतः ऐकली आहे.

सरांनी दार लावून घेतलं. "मॅडम, आता कोणाजवळ बोलू नका. शाळेचं नाव येईल. लोक म्हणतील शाळेत हेच शिकवून राहिले. दोन दिवसांत आपोआप ठंडं होते."

"पण सर, पोरीचं काय?"

"पोरीचं काय होते? कोणी पोरीले विचारून राहिलं नाही."

मला ते पटलं नाही. दुपारी मी बगिच्याच्या मालकांकडे गेले. तसा माणूस वाईट नाही. शाळेला पाण्याची टाकी त्यांनीच दिलेली, शाळेच्या समितीत पण आहेत. अंगणात खुर्ची टाकून बसले होते आणि फोनवर व्यापाऱ्याची समजूत घालत होते. मी त्यांना म्हटलं, भाऊ, बिबट्या वगैरे काही नाही, ती मुलीने सांगितलेली गोष्ट होती.

त्यांनी फोन ठेवला. माझं ऐकून घेतलं, मग मान हलवली.

"मॅडम, तुमी शहरातल्या, तुमाले नाही समजत. ते पोट्टी सांगते का त्याच्या मिशीले कापूस लागला होता. आता हे कोणी पाह्यल्याशिवाय सांगू शकते काय? माही उमर गेली इथी, मले नसतं सुचलं. मोठ्या माणसाले सुचत नाही ते त्या एवढ्याशा पोट्टीले कसं सुचंल?"

मी सांगत राहिले, ते ऐकत राहिले, आणि शेवटी म्हणाले, "फॉरेस्टवाल्यायले बोलावलं आहे. पाहून घेऊ."

वनखात्याचे लोक आले. दोन दिवस बगिच्यांत, नाल्यात, पराटीत फिरले. मागून गावातली पोरं फटाके फोडत, डबे बडवत. कुत्र्यांचे ठसे सापडले, रानडुकराचे सापडले. बिबट्याचं काही नाही. त्यांनी सांगितलं, इकडे आलाच नाही, कोणीतरी अफवा उठवली. आणि ते गेले.

गावाचा आवाज तिथेच बदलला. ज्या लोकांनी तिची गोष्ट चवीने इकडून तिकडे नेली होती, तेच आता विचारत होते, ही पोट्टी आहे तरी कोणाची? आणि उत्तर मिळालं की म्हणायचे, हं, म्हणजे तिकडची. त्या 'तिकडची' मध्ये बरंच काही होतं. ते मला ऐकू येत होतं आणि तिच्या घरच्यांना तर जन्मापासूनच ऐकू येत असणार.

गुरुवारी दिवस कलायला आला असताना पंचायतीच्या ओट्यापुढे लोक जमले. मला एका मुलाने येऊन सांगितलं म्हणून मी बस सोडून गावात गेले. मोठे सरही आले होते, मागे उभे राहिले. मालक ओट्यावर, शेजारी दोन-तीन वडीलधारे. ती समोर उभी, शाळेच्या कपड्यांत. तिच्यामागे तिची आई, डोक्यावरून पदर, हातात अजून विळा होता. बाप कामावर होता.

"पाह्यला का नाही पाह्यला?" मालकांनी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे बोल, घाबरू नको. तिला त्यातून काय कळलं कोणास ठाऊक.

"पाह्यला," ती म्हणाली.

लोकांत कुजबुज झाली.

"कुठी पाह्यला?"

"बगिच्यात. पण तसा नाही."

"तसा म्हंजे कसा?"

तिने वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग हळूच म्हणाली, "सांगता सांगता पाह्यला."

एक जण हसला. मग आणखी काही हसले. मालक मात्र भडकले. ते म्हणाले, इथी माणसाचा माल सडून राहिला अन् हे थट्टा करून राहिली. मी पुढे गेले. मी म्हटलं, हे खोटं बोलणं नाही, गोष्ट आहे. वर्गात सांगायला मीच लावली. तिने कोणाला येऊन सांगितलं नाही की बिबट्या आला, तुम्ही लोकांनीच ते उचललं. काही बोलायचं असेल तर मला बोला.

"तुमाले काय बोलू मॅडम," ते म्हणाले. आवाज आता थकलेला होता. "गोष्ट होती तं आधी सांगावं लागते का गोष्ट आहे म्हणून. तिनं सांगितलं काय?"

तिने सांगितलं नव्हतं, कारण मीच सांगितलं होतं की स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगा. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिची आई पुढे झाली. तिने विळा खाली ठेवला, पोरीचे दोन्ही कान धरले आणि ओढून तिला खाली वाकवलं.

"म्हण, खोटं बोलली म्हण."

पोरीने ओठ दाबून धरले.

"म्हण वं! उद्या कामाले जायचं आहे मले. म्हण!"

"खोटं बोलली," ती म्हणाली.

"जोरात म्हण. साऱ्यायले ऐकू गेलं पाह्यजे."

तिने जोरात म्हटलं. लोक पांगले. मालक आईला म्हणाले, उद्या बायांना घेऊन लवकर या. आईने हो म्हटलं, विळा उचलला आणि पोरीचा हात धरून चालायला लागली. माझ्याकडे दोघींनीही पाहिलं नाही.

त्या आठवड्यात मोठ्या सरांनी बालसभेचा नवा नियम केला. जे म्हणायचं ते पुस्तकातलंच म्हणायचं. मी भांडले, खूप भांडले. शेवटी तडजोड झाली ती अशी, की स्वतःची गोष्ट सांगायची असेल तर मुलाने आधी सांगायचं, 'ही गोष्ट आहे, खरी नाही.' मी ते मान्य केलं. दुसरा काही रस्ता दिसत नव्हता, आणि मालकांचं म्हणणंही अगदीच चूक नव्हतं. पण नियम झाल्यावर मुलांच्या गोष्टीच बदलल्या. 'ही गोष्ट आहे, खरी नाही' असं म्हणून मूल एकदा दाराकडे बघायचं आणि मग सशाची नाहीतर चिमणीची गोष्ट सांगायचं, जी सगळ्यांना आधीच माहीत असायची.

ती मात्र उठलीच नाही. मी तिला विचारलं, समजावलं, एकदा मधल्या सुट्टीत जवळ बसवून म्हटलं, फक्त मला सांग, कोणी ऐकणार नाही. तिने फार नम्रपणे विचारलं, "मॅडम, पुस्तकातली सांगू काय?"

मी म्हटलं, सांग. तिने धडा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत पाठ म्हणून दाखवला. हिंदीतून, एकही चूक न करता.

वार्षिक परीक्षेत निबंध आला, 'मेरी गाय'. पेपर दुसऱ्या मॅडमनी तपासले. त्यांनी तिचा पेपर सगळ्या शिक्षकांना दाखवला. काय सुंदर लिहिलं आहे, एक मात्रा चुकलेली नाही. मी वाचला. 'हमारे घर एक सुंदर गाय है। वह सफेद रंग की है। मैं रोज उसे हरी घास खिलाती हूँ।' गाईडमध्ये जसा होता अगदी तसाच. तिच्या घरी गाय नव्हती, कधीच नव्हती. घरात गोठा काय, दुसरी खाट टाकायला जागा नव्हती. पण या गाईबद्दल तिला कोणी विचारलं नाही की पाहिली का नाही पाहिली. तिला पूर्ण गुण मिळाले. मोठे सर मला म्हणाले, "पाहा मॅडम, किती सुधरली. तुमी उगीच टेंशन घेत होत्या."

मी शिक्षकांच्या खोलीत काही बोलले नाही. बोलले असते तर मॅडमना वाटलं असतं मी त्यांच्या तपासण्यावर बोट ठेवते आहे. आणि मुलीला मिळालेले गुण तर तिच्या उपयोगाचेच होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मी तिच्या घरी गेले. 'जय भीम, मॅडम' म्हणून आईने आत घेतलं. पोरगी पाणी भरायला गेली होती. आईने चहा ठेवला. मी काय बोलायला आले आहे तेच मला धड कळत नव्हतं. मी म्हटलं, पोरगी फार हुशार आहे, पण आता गप्प गप्प असते.

"गप्पच बरी मॅडम," आई म्हणाली. "तुमी शिकवा तिले. खूप शिकवा. पण तसं नका शिकवू."

मी म्हटलं, तुम्हाला राग आला असेल माझा.

ती चुलीकडे तोंड करून बसली होती. चहा उकळून वर आला, तिने खाली उतरवला. मग एकदम म्हणाली, "मले मालूम होतं न मॅडम."

"काय?"

"का बिबट आला नाही म्हणून. ती म्हणे डबा घेऊन गेली, डबा पडला. त्या आठवड्यात रोज डबा मीच संग नेला होता. दुपारी मी त्याच बगिच्यात होती. कुठचा बिबट न् कुठचं काय."

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"रविवारी नळावर बाया सांगून राहिल्या होत्या. का बिबटाच्या मिशीले कापूस, का तो लाजला. ज्या कधी आमच्या घराकडे पाहत नाई ना, त्या बी. मले जवळ बोलावून विचारे, तुह्या पोरीनं अजून काय सांगितलं वं? मी तवाच सांगाले पाह्यजे होतं. पण मले असं वाटलं, थांब, अजून थोडं ऐकू. माह्या पोरीची गोष्ट सारं गाव सांगून राहिलं. असं कधी झालं आमच्या घरात?" तिने पदराने कप पुसून त्यात चहा गाळला. "चार दिवस मी चूप राहिली. मंग कान बी मीच धरले."

बाहेर घागरीचा आवाज झाला, पोरगी आली असावी. आई लगेच उठली आणि माझ्या हातात कप दिला. "घ्या मॅडम, ठंडा होईल." मग त्या विषयावर ती एक शब्द बोलली नाही. पोरगी दारात येऊन उभी राहिली, मला नमस्ते केलं आणि आत जाऊन भांडी लावायला लागली. मला सारखं वाटत होतं, आईने जे मला सांगितलं ते तिने या पोरीला सांगायला हवं. पण ते सांगायचं कसं, हे मला तरी कुठे माहीत होतं. मी तशीच उठून आले.

ती आठवीपर्यंत आमच्याकडे होती. दर वर्षी पहिली. आता सौंसरला मोठ्या शाळेत जाते.

गेल्या हिवाळ्यात सौंसरला आम्हा शिक्षकांची बैठक होती. ती लवकर संपली म्हणून मी दुपारच्या बसने शाळेत निघाले. बस गर्दीची होती, मला पुढे जागा मिळाली. बस सुटल्यावर मागच्या बाकांवरून एक आवाज ऐकू यायला लागला. दबका, पण ओळखीचा. ती होती, सोबत गावातल्या दोन-तीन मुली. परीक्षा असल्यामुळे लवकर सुटल्या असाव्यात. मला शब्द नीट ऐकू येत नव्हते. इंजिनाचा आवाज, कंडक्टरचं ओरडणं. 'मंग ते बाई खिडकीतून' एवढं ऐकू आलं, मग 'तिच्या हातात तं काहीच नव्हतं' असं काहीसं. आणि बाकीच्या मुली गप्प. कोणी हसत नव्हतं, कोणी मधे बोलत नव्हतं. ती गप्प बसण्याची पद्धत मला माहीत होती.

मला राहवलं नाही. मी मागे वळले.

ती माझ्याकडे पाहून चटकन उभी राहिली. "नमस्ते मॅडम."

"बस, बस," मी म्हटलं. "काय सांगत होतीस?"

"काही नाई मॅडम. असंच."

"सांग ना. मी पण ऐकते."

"काही नाई मॅडम, पेपरचं बोलून राहिलो होतो," ती म्हणाली. बाकीच्या मुलींनी मान खाली घातली.

मी पुन्हा पुढे तोंड करून बसले. वाटलं, पाठ फिरवली की सुरू करेल. नाही केलं. बगिचे मागे जात होते, कुठेतरी तोड चालली होती, बायका कॅरेट डोक्यावर घेऊन रस्त्याकडे येत होत्या. मागे पूर्ण शांतता. फाटा आला. मी उठले, तिच्याकडे पाहून हात हलवला, तिनेही हलवला. मी उतरले आणि रस्त्याच्या कडेला थांबले. बस गावाकडे वळली. वळताना मागची खिडकी माझ्यासमोरून गेली. तिच्या मैत्रिणी पुन्हा तिच्या तोंडाजवळ वाकल्या होत्या, आणि तिचे ओठ हलत होते.

शाळेची घंटा झाली. मी रस्ता ओलांडला.